मुलांना जग कळू द्या

दिवाळीच्या कपड्यांसाठी गांधीनगरला फेरी मारायची, हा कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांचा रिवाज. कापडाच्या या घाऊक पेठेत आत्ता पाय ठेवायला जागा नसेल. तागे उलगडले जात असतील, भावाची घासाघीस चालू असेल आणि आईचं बोट धरलेली मुलं कंटाळली असतील. ही जागा एके काळी युद्धातून वाचलेल्या मुलांचं गाव होती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. १९४३ ते १९४८ या काळात इथल्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका आणि मुलंच अधिक. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरादारासकट उचलून सैबेरियासारख्या मुलखात धाडलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती करवीरच्या मातीत पोचली. इथे त्यांच्या शाळा भरल्या, नाटकं झाली. ती इथून गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी ही पेठ वसवली.

युद्ध, फाळणी, निर्वासित हे सगळं असं दुकानाच्या पायरीवर बसूनही मुलांना सांगता येतं.

‘एवढ्या लहान वयात हे कशाला?’ असं पालक विचारतात. त्यामागची काळजी खरी आहे. कोवळ्या पोराला बॉम्बहल्ल्याचे व्हिडिओ दाखवा, असं कुणीच म्हणणार नाही. पण गाझा आणि युक्रेन त्याच्या कानावर आलेलेच असतात. मोठ्यांनी विषय टाळला तरी मूल शिकायचं थांबत नाही; ते मोबाइलवर येईल त्याच्याकडून शिकतं. तिथे माहितीआधी द्वेष पोचतो. घरात मात्र नकाशा उघडून, ‘तिथल्या शाळांचं काय झालं असेल?’ असं शांतपणे बोलता येतं. एखादं उत्तर आपल्याला ठाऊक नसेल, तर मुलाबरोबर शोधता येतं.

मुलांच्या समजेवर असा विश्वास टाकणारा एक माणूस पोलंडमध्येच होऊन गेला. वॉर्सात अनाथालय चालवणारे डॉक्टर यानुश कोरचाक यांनी १९२६ मध्ये मुलांनीच लिहिलेलं साप्ताहिक सुरू केलं. त्यांच्या अनाथालयात मुलांचं न्यायालय भरे आणि तिथे खुद्द कोरचाकांवरही तक्रार गुदरता येई. जुलै १९४२ मध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ रंगमंचावर आणलं. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांसह त्यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. स्वतःपुरतं सुटणं त्यांनी नाकारलं होतं. १९७८ मध्ये बालहक्कांच्या जागतिक कराराचा प्रस्ताव पोलंडनेच मांडला. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो करार स्वीकारला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. आपल्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा आणि देशांच्या सीमा न मानता माहिती मिळवण्याचा हक्क हा करार मुलांना देतो. म्हणजे जगाची खबर मुलांना देणं ही मोठ्यांची मेहरबानी नाही.

आता हे हक्क फक्त दूरदेशीच्या मुलांचे, अशी समजूत झाली तर सगळं मुसळ केरात. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि त्यांवर बसलेली पोरं. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हा त्यांतली कितीतरी फडाशेजारच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू आहे. ‘ती मुलं शाळेत का नाहीत?’ असं आपल्या मुलाने गाडीच्या काचेतून विचारलं, तर ‘त्यांचं नशीब’ म्हणून वेळ मारून नेऊ नका. नशीब म्हटलं की प्रश्न तिथेच मिटतो, आणि मुलंही तेच शिकतात. उचल, मुकादम, हंगामी वसतिगृहं हे सगळं दहा वर्षांच्या मुलाला समजतं. सांगणारं कुणीतरी हवं.

यंदाचा अंक म्हणूनच मुलं आणि जग या विषयाला वाहिला आहे. वाचकांना एकच विनंती: हा अंक कपाटावर ठेवू नका. फराळाच्या वेळी यातलं एखादं पान मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांचे प्रश्न पुरते ऐकून घ्या.