बदकांच्या आडोशांची सोडत

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें नुकतेंच पत्र आलें. टेनेसी राज्यांतील त्याच्या शेजाऱ्यास गेलीं चौदा वर्षें बदकांच्या शिकारीचा आडोसा मिळालेला नाहीं, ही हकीकत सांगून तो लिहितो, “तरी येथें वशिला मुळींच चालत नाहीं. चिठ्ठ्या टाकतात. त्याहून निःपक्षपाती तें काय असणार?” या शेवटल्या वाक्याशीं आमचें भांडण आहे; आणि तें येथें मांडण्याचें कारण असें कीं, तसलीं वाक्यें आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांतही ऐकूं येऊं लागलीं आहेत.

प्रथम आडोसा म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. हिंवाळा लागला कीं उत्तरेकडील बदकें मिसिसिपी नदीच्या खोऱ्यानें थव्याथव्यांनीं दक्षिणेस उतरतात. टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यांत, १८११-१२ च्या भूकंपांनीं निर्माण झालेलें रीलफूट नांवाचें तळें आहे. तेथें आणि तसल्याच सार्वजनिक पाणथळींत शिकारी लोक पाण्यांत लाकडी खोपी उभारतात, तिला लव्हाळीं बांधून झांकतात, समोर बनावट बदकें तरंगत ठेवतात आणि पहाटेच्या काळोखांत आंत दडून बसतात. हाच तो आडोसा. एकाच्या छर्ऱ्यांनीं दुसरा जखमी होऊं नये म्हणून दोन आडोशांत बरेंच अंतर राखावें लागतें. अर्थात् जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, म्हणून सोडत. टेनेसींत वर्षानुवर्षें ऑगस्ट महिन्यांत शिकारी स्वतः हजर राहून चिठ्ठ्यांकडे डोळे लावून बसत. पुढें हें काम संगणकाकडे गेलें.

शिकार करावी कीं नाहीं, हा वाद आम्ही आज बाजूस ठेवतों. आमच्या हातीं आजवर छत्रीहून भयंकर शस्त्र आलेलें नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या देशांत सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्यास १९३४ पासून केंद्रसरकारचें एक तिकीट दरसाल विकत घ्यावें लागतें. आरंभीं त्याची किंमत एक डॉलर होती, आज पंचवीस आहे. आणि तो पैसा पाणथळ जमिनी राखण्यांत खर्च होतो. म्हणजे हा शेजारी कोणाच्या मेजवानींत आगंतुक म्हणून शिरत नाहीं; चौदा वर्षें पदरचे पैसे घालून तो पंगतीबाहेर उभा आहे.

सोडतीवर आक्षेप घेतला कीं लोकांस प्रथम पेटीचा संशय येतो. तो सर्वस्वीं निराधार नव्हे. १ डिसेंबर १९६९ रोजीं अमेरिकेनें सैन्यभरतीसाठीं जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखा कुप्यांत घालून महिनावार पेटींत टाकल्या. त्या पुरेशा कालवल्या गेल्या नाहींत. परिणामीं डिसेंबरच्या ३१ तारखांपैकीं २६ तारखा पहिल्या अर्ध्यांत निघाल्या! त्यांत कोणाची लबाडी नव्हती, केवळ हलगर्जी होती. पुढल्या वर्षीं तारखांचें एक आणि क्रमांकांचें एक अशीं दोन पिंपें ठेवून हा दोष दूर केला. संगणकाच्या सोडतींत कालवण्याचा हा प्रश्न फारसा उरत नाहीं. म्हणून पेटी निर्दोष आहे असेंच आपण धरून चालूं. आमचा आक्षेप पेटीवर नाहीं. पेटीभोंवतीं जमलेल्या गर्दीवर आहे.

समजा, एका तळ्यावर आडोसे २० आणि चिठ्ठ्या ४०० आहेत. प्रत्येक चिठ्ठीची शक्यता शेकडा ५. यांत वाद नाहीं. शेजाऱ्यानें व त्याच्या मुलानें मिळून दोन टाकल्या, तर एक तरी निघण्याची शक्यता शेकडा १० ला किंचित् कमी. आतां पलीकडे बारा मित्रांचें एक टोळकें उभें आहे. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानें आपले सोबती खुशाल आणावे असा जेथें नियम असतो, तेथें बाराही जण वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकतात. कोणाचीही निघो, आडोसा साऱ्यांचा. या टोळक्याची शक्यता शेकडा ४६ वर जाते. एकही नियम मोडलेला नाहीं, एकही चिठ्ठी दुसरीहून वजनदार नाहीं, आणि तरीही बापलेकांच्या जवळजवळ पांचपट संधि त्या टोळक्याच्या पदरांत पडली. ज्याला मित्र अधिक, त्याला बदकें अधिक! वशिला यापरता निराळा काय असतो?

आमचे एक गणिती सहकारी यावर म्हणाले, “पण ते एकच आडोसा बाराजणांत वांटून घेणार, मग माणशीं हिस्सा तेवढाच राहिला कीं!” त्यांची बेरीज बरोबर आहे, व्यवहार चुकला आहे. हंगाम असतो सुमारें साठ दिवसांचा. कामधंदा असलेला मनुष्य साठ पहाटे थंड पाण्यावर बसूं शकत नाहीं. तो दहा-बारा वेळां जाईल, बाकीचे दिवस आडोसा ओस पडेल. भाकरी बाराजणांत वांटली तर ज्याच्या त्याच्या हातीं तुकडा येतो. विहीर वांटली तर प्रत्येकाची घागर भरतेच. आडोसा हा विहिरीच्या जातीचा आहे. वांटल्यानें टोळक्याचें कांहींच उणें होत नाहीं, मात्र चिठ्ठ्यांनीं शक्यता वाढते.

आणि चौदा वर्षांचें काय? “इतकीं वर्षें हुकलें, आतां मिळायलाच हवें,” असें शेजारी म्हणतो म्हणे. बिचाऱ्यास कोणीं सांगावें कीं, पेटीला स्मरण नसतें! शेकडा ५ ची शक्यता असतां चौदा वर्षें रिकाम्या हातानें परतणारे शंभरांत जवळजवळ ४९ निघतात. वीस वर्षांनींही ३६ उरतात. दुसरीकडे तिसऱ्यांदां आडोसा मिळवणारा भाग्यवानही त्याच गर्दींत असतो. तमिळ देशांतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकाच्या आरंभीचे शिलालेख आम्हांस येथें आठवतात. ग्रामसभेच्या समित्या निवडण्यासाठीं ताडपत्रावरील नांवें मडक्यांत घालून लहान मुलाकडून काढवीत. पण मागल्या तीन वर्षांत जो समितीवर होता त्याचें नांव मडक्यांत जातच नसे, आणि ज्यानें हिशेब दिला नाहीं तो स्वतः आणि त्याचे नातलगही वर्ज्य असत. त्या मडक्याला स्मरण होतें. अकराशें वर्षांपूर्वीं खेड्यांतल्या लोकांस जें सुचलें, तें आजच्या यंत्रास शिकवणें कठीण नाहीं: एका टोळीस एकच चिठ्ठी, आणि ज्याला मिळालें त्यानें कांहीं वर्षें थांबावें. मिसूरी राज्यांत कित्येक सरकारी पाणथळींवर जागा साऱ्या हंगामासाठीं न देतां एकेका दिवसासाठीं देतात, तेंही उत्तम. यानें जागा वाढणार नाहींत हें आम्ही जाणतों. पण आहेत त्या अधिक जणांच्या वांट्यास येतील.

आतां घरचें. २०१२ सालीं मुंबईंत गिरणी-कामगारांच्या घरांची सोडत झाली तेव्हां घरें कांहीं हजार आणि अर्जदार लाखाच्या वर होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें खाजगी शाळांतील शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं आहेत. अर्ज अधिक आले कीं तेथेंही सोडत. सोडत नको असें आम्ही म्हणत नाहीं. साहेबाच्या मर्जीपेक्षां ती शतपट बरी. परंतु नांव लागलें नाहीं कीं “नशीब!” म्हणून उठून जाण्याची जी संवय आपणांस जडत आहे, ती घातक आहे. कोणती चिठ्ठी निघावी एवढेंच नशीब ठरवितें. मडक्यांत कोणाच्या किती चिठ्ठ्या जाव्या आणि जागा इतक्या थोड्या कां, हें माणसें ठरवितात, आणि त्यांना जाब विचारतां येतो.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं उलट टपालीं इतकेंच विचारलें आहे कीं, गेल्या चौदा वर्षांत त्या तळ्यावर ज्यांचीं नांवें निघालीं आणि जे त्यांच्यासंगें आडोशांत बसले, त्यांची यादी शेजाऱ्यानें कधीं मागितली होती काय? उत्तर अद्याप आलेलें नाहीं.