सगळं हिरवं आहे हो!

परवा आत्याचा फोन आला. "काकांच्या साठीशांतीला आला नाहीस ते नाहीस, निदान कारण तरी धड सांग. 'सर्व्हर अडकला' म्हणजे काय रे?" म्हटलं, फोनवर काय सांगणार, लिहूनच टाकू. तर आत्या, हे तुझ्यासाठी. आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींसाठी जरा भांडण.

एका दणकट यंत्रावर अनेक 'आभासी' यंत्रं राहतात, इमारतीत भाडेकरू राहावेत तशी. लिनक्समधे हे केव्हीएममुळे होतं. २००७ पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. अशा बऱ्याच इमारती झाल्या की एक सेक्रेटरी लागतो. कोण कुठे राहतंय, कोणाला कुठे हलवायचं, सगळा हिशोब त्याच्याकडे. ओव्हर्ट हा तसा एक सेक्रेटरी. जावात लिहिलेलं इंजिन, त्याची वही म्हणजे पोस्टग्रेस, आणि प्रत्येक यंत्रावर व्हीडीएसएम नावाचा वॉचमन.

हा सेक्रेटरी घरच्या लॅपटॉपवर आणायचा तर कंटेनर हा सोपा मार्ग. इंजिन आणि पोस्टग्रेस कंटेनरमधे टाका, वॉचमनच्या जागी व्हीडीएसएमफेक बसवा. नावातच 'फेक' आहे! इंजिनाने काहीही विचारलं की हा खऱ्यासारखी उत्तरं देतो. एकही खरं यंत्र नाही, आणि पडद्यावर डझनावारी यंत्रं हिरवीगार.

मला ही सोय मनापासून आवडते. वहीचं नव्या आवृत्तीत रूपांतर होतंय का, स्क्रिप्टा चालतात का, कोणाला कसली परवानगी आहे, हे सगळं त्यात बघता येतं. मोडलं तर पाडून पुन्हा उभं करा. नोव्हेंबर २०२३ मधे ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं, आणि अनेकजण दुसरे पर्याय चाचपू लागले. त्यांना सर्व्हर विकत न घेता शिकता येतं, हे काय थोडं आहे?

माझं भांडण आहे ते 'टेस्ट झालं' या दोन शब्दांशी.

आम्हीही तेच लिहिलं होतं. कंटेनरमधे नवी आवृत्ती चढवली, सगळं हिरवं. शनिवारी रात्री ग्राहकाकडे इंजिन चढलंसुद्धा. मग एकेक यंत्र रिकामं करायचं, म्हणजे भाडेकरू चालू अवस्थेत शेजारच्या इमारतीत हलवायचे. पहिलाच अर्ध्यात अडकला! दोन्ही यंत्रांवर नेटवर्कच्या पाकिटाची मर्यादा ९०००, आणि मधे काही आठवड्यांपूर्वी बसवलेला स्विच १५०० वर. छोटं पिंग जायचं, जोडणीही व्हायची, मोठी पाकिटं गायब. पहाटे चारला कोणाला तरी मोठं पिंग टाकून बघायचं सुचलं, आणि दोन मिनिटांत कारण सापडलं. सगळं निस्तरेपर्यंत काकांचं औक्षण उरकलं होतं.

खोट्या वॉचमनकडे तारच नाही, तर स्विच कुठून असणार? त्याची चूक नाही. कंटेनरचीही नाही. चूक आमच्या अहवालाची.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अहवालात दोन रकाने ठेवा : काय तपासलं, आणि काय तपासलं नाही. दुसरा रकाना कोरा असेल तर सही करू नका. कंटेनरच्या पुढची पायरीही घरीच चढता येते. आभासी यंत्राच्या पोटात आभासी यंत्र चालवता येतं. लॅपटॉपवर अशी दोन उभी करा, त्यांत खरा व्हीडीएसएम टाका, आणि एखादा पाहुणा खरोखर इकडून तिकडे हलवून बघा. तरीही स्विच राहतोच. तेव्हा ग्राहकाकडे काम सुरू करण्याआधी बिनकामाचं एक छोटं यंत्र प्रत्येक जोडीमधे हलवून परत आणा.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असं साहेब लोक विचारतात. अहो, पाच-दहा मिनिटांचं काम! आमची अख्खी रात्र गेली तेव्हा वेळ कुठून आला?

असो. आत्या, पुढच्या रविवारी येतोय. पुरणपोळी उरली नसेल, हे माहीत आहे. आणि ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमचा दुसरा रकाना कसा दिसतो ते जरूर कळवा.