भिंग किती रुंद असावें?

डोंबिवलीस आमच्या घरीं हल्लीं एका खरेदीची चर्चा चालली आहे. धाकट्या नातवाला आपल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठीं रुंद कोनाचें भिंग घ्यावयाचें आहे. "आजोबा, जितकें रुंद तितकें बरें, म्हणजे घरचें एकहि माणूस चित्राबाहेर राहणार नाहीं," असें त्याचें म्हणणें. घर दोन खोल्यांचें आणि माणसें पंधरा, तेव्हां त्याचें म्हणणें वरवर पाहतां खरें वाटतें. परंतु गेल्या वर्षींच्या पाडव्याचा आमचा अनुभव निराळा आहे. तोच सांगण्यासाठीं आज लेखणी हातीं घेतली.

त्या दिवशीं त्यानें एका मित्राचा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा व १६ मिलिमीटरचें भिंग मागून आणलें होतें. दहा फूट रुंदीच्या बैठकीच्या खोलींत आम्ही सर्व या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसलों. मागें सरण्यासाठीं टेबल हलवावें लागलें असतें. पण भिंग रुंद, तेव्हां गरज काय, असें म्हणून तो जवळच उभा राहिला. थोरल्या वहिनी नेहमींप्रमाणें स्वयंपाकघराच्या दाराशीं, अगदीं कडेला बसल्या. चित्रांत सर्व मंडळी आली.

पुढें श्रावणांत वहिनी गेल्या. भिंतीवर लावण्यासाठीं दादांनीं तें चित्र मागितलें. पाहतात तों वहिनींचा चेहरा आडवा ओढल्यासारखा, गाल सुजल्यासारखा! मध्यें बसलेला मी मात्र जसाच्या तसा. दादांनीं चित्र मुकाट्यानें खालीं ठेविलें. अखेर बँकेच्या पुस्तकासाठीं काढलेलें जुनें छायाचित्र मोठें करून लावावें लागलें.

हा बिघाड नव्हे, हें भूमितीचें फळ आहे. असें भिंग सरळ रेघा सरळ ठेवतें, आणि त्याची किंमत कडेच्या वाटोळ्या वस्तूंस मोजावी लागते. मोठ्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. तिचें अर्ध १८. भिंगाचें नाभीय अंतर, म्हणजे दुकानदार ज्यास 'एम्. एम्.' म्हणतात तो आंकडा, २४ असेल तर १८ व २४ या भुजा आणि ३० हा कर्ण होतो. शाळेंत शिकलेला ३, ४, ५ चा त्रिकोण तो हाच! कर्णास २४ नें भागिलें कीं सव्वा येतात. म्हणजे कडेवरील चेहरा उंचीच्या मानानें सव्वापट रुंद दिसतो. १६ च्या भिंगांत तो दीडपट होतो, तर ३५ च्या भिंगांत केवळ अष्टमांशानें वाढतो.

आतां अंतर पाहूं. दहा फुटांची ओळ चित्रांत मावण्यास १६ च्या भिंगानें सुमारें साडेचार फूट, २४ नें पावणेसात फूट व ३५ नें पावणेदहा फूट दूर उभें राहावें लागतें. मर्म येथेंच आहे. चेहरा ताणला जातो तो जवळ उभें राहिल्यामुळें. रुंद भिंग फक्त जवळ जाण्याचा मोह घालतें.

आमच्या नातवाचा कॅमेरा लहान सेन्सरचा आहे. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत भिंगाच्या आंकड्यास दीडानें गुणावें, म्हणजे मोठ्या सेन्सरशीं तुलना करतां येते. कॅमेऱ्यासोबत मिळालेलें १८-५५ चें भिंग १८ वर ठेविलें कीं तें २७ चें काम देतें, आणि साडेसात फुटांवरून आमची सारी ओळ त्यांत मावते. तेवढ्यासाठीं टेबल हलविलें म्हणजे झालें. पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं.

मग अधिक रुंद भिंग घेऊंच नये काय? अवश्य घ्यावें, पण काम ओळखून. अंबरनाथच्या शिवमंदिरांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तेथील सभामंडपांत कोरीव खांबांमध्यें उभें राहिल्यावर मागें सरावयास जागा नसते. तेथें १० किंवा १२ चें भिंगच उपयोगी पडतें. खांब थोडा रुंद दिसला तरी तो रागावत नाहीं! मात्र कॅमेरा वर न झुकवितां समपातळींत धरावा, नाहींतर उभे खांब आंत कलल्यासारखे दिसतात. दिवाळीच्या पहांटे फडके पथावर लोटणारी गर्दी टिपावयासहि असें भिंग चांगलें. गर्दींत कडेचा चेहरा कोणी निरखीत नाहीं. घरच्या चित्रांत तोच निरखला जातो.

नातवास मीं हेंच सांगितलें: देवळासाठीं हवें असेल तर भिंग खुशाल घे, घरासाठीं चार पावलें मागें जा, दोन्ही कडा थोड्या मोकळ्या सोड आणि वडीलधाऱ्यांस मध्यें बसव. या पाडव्यास टेबल हलविलें, व दादा मध्यें बसले. वहिनी कडेला बसल्या, कारण त्यांना मध्यें बसा असें आम्हीं कोणीं म्हटलेंच नव्हतें. तें काम भिंगाचें नव्हतें.