शेतात मित्रकीटक, घरात झाडू

बुलढाणा जिल्ह्यातल्या जाणत्या शेतकऱ्याला मित्रकीटकांची महती सांगावी लागत नाही. कपाशीवर मावा दिसला तरी ढालकिडे पुरेसे असतील तर फवारणीची घाई करू नये, हे त्याला ठाऊक असतं. हरभऱ्यातली घाटेअळी पाखरांनी टिपावी म्हणून तो पक्षिथांबेही रोवतो. तोच माणूस घरी ट्यूबलाइटमागे पाल दिसली की झाडू उचलतो. का?

म्हणे, पाल विषारी! घरातल्या पालीला विषग्रंथीच नसतात. पाल पडलेल्या अन्नानं माणूस आजारी पडू शकतो, हे खरं. पण तो दोष तिच्या आतड्यातल्या साल्मोनेलासारख्या जिवाणूंचा. ते अन्न फेकूनच द्यावं. मात्र असे जिवाणू झुरळ आणि माशीही आणतात. भांड्यावरचं झाकण तिघांनाही पुरतं.

म्हणे, पाल अंगावर पडणं अशुभ! पंचांगातलं पल्लीपतनाचं कोष्टक नीट वाचावं. त्यात काही अवयवांवर पडणं शुभही सांगितलं आहे. शकुन मानायचाच तर अर्धाच का मानता? आणि पाल चुकचुकते ती दुसऱ्या पालीसाठी. तुमच्या बोलण्याशी तिला कर्तव्य नाही.

म्हणे, पाल असूनही डेंगी होतोच! होणारच. डेंगीचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावांत टाक्या-रांजण भरून ठेवावेच लागतात. ते आठवड्यातून एकदा कोरडे करणं हे आपलं काम, पालीचं नव्हे.

तिचं काम रात्रीचं. दिव्याभोवतीचे पतंग, डास, पावसाळ्यात उडणारी पंखांची वाळवी, झुरळाची पिल्लं आणि कोळी ती टिपते. विषारी फवाऱ्यानं झुरळही मरतं आणि पालही. पण पाल एका वेळी दोनच अंडी घालते, तर घरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात 30 ते 40 अंडी असतात. आधी कोण परतेल, हे कपाशी पिकवणाऱ्याला सांगायला नको.

हा न्याय सरसकट नाही. मोठी गोम आणि विंचूही किडेच खातात. पण त्यांचा दंश त्यांच्या कामापेक्षा महाग पडतो. त्यांना घराबाहेरच ठेवावं. लेंड्या पुसाव्या लागतात, एवढाच पालीचा खर्च.

शेतात नुकसानीची पातळी पाहून फवारता, तोच हिशेब घरात लावा. अन्न झाका, टाकी घासा आणि पालीला भिंत मोकळी सोडा.