लोणावळ्याच्या हवेचं जेट

मावळात सेकंदाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बैलगाड्याच्या घाटात एका वेळी एकच बारी सुटते, पल्ला ठरलेला असतो आणि निकाल घड्याळ देतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही उचलून धरला, आणि ‘घाटाचा राजा’ कोण यावर गावोगाव पुन्हा चर्चा झडू लागल्या. याच मुलखाला लागून, लोणावळ्याहून आयएनएस शिवाजी, भुशी धरण आणि लायन्स पॉइंट मागे टाकत कोरीगडाकडे गेलं की सेकंदाचा दुसरा खेळ भेटतो. गडावरून खाली अॅम्बी व्हॅलीची विमानांची धावपट्टी दिसते. तिच्यावर ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यती होत आल्या आहेत. दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर दिव्यांचा खांब, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ धाव.

या पट्टीवर सर्वांत वेगवान धावणाऱ्या गाड्यांचं पेट्रोल संगणक मोजतो. हवा किती गरम, किती विरळ, इंधन कसलं, हे सेन्सर सांगतात आणि इंजेक्टर क्षणात जुळवून घेतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत ही सगळी जबाबदारी माणसावर येते. म्हणूनच या सदराला त्या गाड्या अधिक मोलाच्या वाटतात. आणि म्हणूनच, भला मोठा कार्बोरेटर बसवून आणलेली देखणी गाडी सुटतानाच दम खाते, भकाभका काळा धूर सोडते आणि हताशपणे पुढे सरकते, तेव्हा वाईट वाटतं. चूक बहुधा इंजिनात नसते. मालकाने पैसे आकारावर खर्च केलेले असतात आणि हवेचा व इंधनाचा हिशेब करायचा राहून गेलेला असतो.

आधी आकाराचं बोलू. चार-स्ट्रोक इंजिन दर मिनिटाला किती हवा ओढेल, हे काढायला मेकॅनिक मंडळींचं एक जुनं सूत्र आहे: घन इंचांतलं आकारमान गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे साडेसहासष्ट घन इंच. साडेपाच हजार आरपीएमला सिलिंडर पूर्ण भरले तरी तिला मिनिटाला सुमारे १०६ घनफूट हवा लागते, प्रत्यक्षात नव्वदच्या आसपास. कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्यावर सोलेक्सचा साधा कार्बोरेटर येई आणि तो तिला पुरत असे. उलट शेवरलेच्या ३५० घन इंचांच्या व्ही-एट इंजिनाला साडेसहा हजार आरपीएमला साडेसहाशे घनफूट हवा लागते. होली कंपनीचा चार नळ्यांचा मोठा कार्बोरेटर अशा इंजिनांसाठी आहे. १९६९ साली आलेला त्याच घराण्यातला ‘डॉमिनेटर’ हजार घनफुटांच्याही पुढचा, तो स्टॉक कार शर्यतींसाठी जन्मला.

मोठी नळी म्हणजे मोठी ताकद, हा समज इतका चिवट का आहे, हे समजण्यासारखं आहे. बॉनेट उघडल्यावर लोक थांबून बघतात. पण कार्बोरेटर चालतो तो हवेच्या वेगावर. व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो, आणि त्या दाबाच्या फरकाने फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल मेन जेटमधून, म्हणजे मोजून पाडलेल्या बारीक छिद्रातून, वर ओढलं जातं. गळा गरजेपेक्षा मोठा असेल तर कमी आरपीएमला हवा रेंगाळते, ओढ कमी पडते, पेट्रोल नीट फुटत नाही. ड्रॅगमध्ये तर सुरुवातीचे काही मीटरच गाडीचं नशीब ठरवतात. शेवटी हजार आरपीएम जास्त मिळतील म्हणून सुरुवातीची ओढ घालवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. वेबरच्या डीसीओई कार्बोरेटरमध्ये बाहेरचं अंग तेच ठेवून आतला गळा, म्हणजे चोक, लहान-मोठा बदलता येतो. जुन्या फियाटवर वेबर चढवणाऱ्यांनी या सोयीचा भरपूर उपयोग करावा.

आता हवा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, म्हणजे दोन हजार फुटांवर. तापमान तेच धरलं तर इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ. कार्बोरेटरला हवा किती जड आहे हे कळत नाही. तो तिच्या वेगावर पेट्रोल ओढतो, त्यामुळे विरळ हवेत मिश्रण आपोआप तीनेक टक्के रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. दर दोन हजार फुटांना जेट एका नंबरने लहान करा, हा होलीचा जुना ठोकताळा. बोरघाटाच्या चढाला तो इतका नेमका बसतो की मुंबईकर गाडीमालकाने तो पाठच करावा.

तरी एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. हिवाळ्यात पहाटे लोणावळ्यात १२ अंश तापमान असेल, तर ती थंड हवा मुंबईतल्या ३० अंशांच्या हवेइतकीच घट्ट भरते. उंचीने नेलेलं थंडीने जवळजवळ परत दिलेलं असतं. मुंबईचं जेट सकाळच्या पहिल्या धावेत छान चालतं आणि मालक खूश होतो. दुपारी ऊन चढून पारा तिशीत गेला की हवा पुन्हा सहा टक्क्यांनी हलकी होते, त्याच जेटवर गाडी जड वाटू लागते आणि मग इग्निशनवर, प्लगवर, क्लचवर संशय घेतला जातो. अमेरिकेत डेन्व्हरजवळची बँडिमेअर ही पट्टी ५,८०० फुटांवर होती. २०२३ साली बंद होईपर्यंत तिथे येणारे संघ वेगळी जुळणी घेऊनच डोंगर चढत. आपल्याकडे दोन हजार फूट फार नाहीत म्हणून सोडून दिले जातात.

उंचीचा आणखी एक फटका जेटपर्यंत पोचतच नाही. लोणावळ्यात हवेचा दाब मुंबईपेक्षा पाऱ्याच्या दोन इंचांनी कमी. म्हणजे आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये मिळणारा व्हॅक्यूमही तेवढाच घटतो. होली कार्बोरेटरमधला पॉवर व्हॉल्व्ह व्हॅक्यूम ठरावीक आकड्याखाली गेला की उघडतो आणि जादा पेट्रोल सोडतो. नेहमीचा आकडा साडेसहा. शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनाला मुंबईत जेमतेम आठ इंच मिळत असतील, तर लोणावळ्यात उरतात सहा. मग व्हॉल्व्ह उभ्या गाडीतच उघडा राहतो, प्लगवर काजळी धरते, आणि रांगेत दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी सुटताना मिसिंग मारते. उपाय स्वस्त आहे. व्हॅक्यूम मीटर पट्टीवरच लावायचा, आयडलिंगला दिसेल त्याच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घालायचा.

इथवरचा हिशेब चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही सापडेल. आज त्यात ऊस शिरला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात ई-२० पेट्रोल आलं आणि दोन-अडीच वर्षांत वीस टक्के इथेनॉल हेच पंपावरचं नेहमीचं इंधन झालं. साखर कारखान्यांच्या पुणे जिल्ह्यात यामागचं अर्थकारण सांगायला नको, आणि शेतकऱ्याला त्यातून आधार मिळत असेल तर तो मिळायलाच हवा. पण जुन्या गाडीच्या जुळणीवर होणारा परिणाम मोठा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० चा आकडा येतो सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. उंची म्हणते जेट एक नंबर लहान करा, ई-२० म्हणतं दोन नंबर मोठं करा. होलीच्या जेटमध्ये एका नंबराने प्रवाह ढोबळमानाने चार टक्के बदलतो, हे धरलं तर जुन्या शुद्ध पेट्रोलवर मुंबईत जुळवलेल्या गाडीला लोणावळ्यात आज एक नंबर मोठं जेट लागण्याची शक्यता जास्त. जुनं पुस्तक वाचून जेट लहान करणारा पूर्ण थ्रॉटलला इंजिन लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालवतो. रिच गाडी हरते. लीन गाडीचा पिस्टन वितळतो.

म्हणून पंपावरच्या पेट्रोलची खात्री स्वतः करावी. खुणा असलेल्या काचेच्या नळीत शंभर मिलिलिटर पेट्रोल आणि दहा मिलिलिटर पाणी घालून जोरात हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. इथेनॉल पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. दहाचा तीसच्या आसपास झाला तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. हे करायचं मोकळ्या जागेत, ठिणगीपासून लांब. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि लोणावळ्याचा पावसाळा सर्वांना ठाऊक आहे. जूनमध्ये टाकी भरून गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी डिसेंबरात तशीच पट्टीवर नेऊ नये. पंपाचा डायफ्रॅम, नीडलचं रबर, जुने पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचे आहेत का, तेही त्याआधी पाहावं.

सुटण्याच्या क्षणाचं तंत्र खास कार्बोरेटरचं आहे. पाय दाबताच थ्रॉटल पूर्ण उघडतो, हवा लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. ही पोकळी ॲक्सिलरेटर पंपाने भरायची असते. पिचकारी लहान पडली तर कार्बोरेटरमधून फट् असा आवाज येऊन गाडी अडखळते. जास्त झाली तर काळा धूर आणि तोच अडखळा. दोन्ही दुखणी स्टिअरिंगमागून सारखीच वाटतात, म्हणून बाहेर उभ्या माणसाने धूर बघणं गरजेचं. गाडी झेपावते तेव्हा वाटीतलं पेट्रोल मागे सरकतं. होलीच्या मागच्या वाटीत जेट पुढच्या बाजूला असतात, ते क्षणभर उघडे पडतात. त्यासाठी जेटला लांब नळी जोडतात आणि फ्लोटला खाच पाडतात. जेट बदलून जे साधत नाही, ते पुष्कळदा या नळीने साधतं.

आणि मोजमाप. धाव संपताच क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावं, गाडी घरंगळू द्यावी आणि प्लग काढून बघावा. पेट्रोलमधून शिसं गेल्यापासून प्लगचा रंग पूर्वीइतकं बोलत नाही, म्हणून सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावणं उत्तम. त्याचा मीटर पेट्रोलच्या मापावर असला तरी चालतो, कारण तो मुळात जादा-कमी ऑक्सिजन ओळखतो. ई-२० वरही पूर्ण थ्रॉटलला साडेबारा ते पावणेतेरा दिसलं की ठीक. एका धावेत एकच बदल करावा, आणि वेळेबरोबर तापमानही लिहून ठेवावं.

हे ज्ञान आपल्या जिल्ह्यात परकं नाही. चाकणला केहिनच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कार्बोरेटर बनले. बोरघाटात गरम होऊन बंद पडलेल्या फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून ती चालू करणारी पिढी अजून आपल्यात आहे. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. रोज कार्बोरेटर खोलणारे हात आता कमी होत जाणार. लोणावळा, कामशेत, तळेगावच्या गॅरेजांतल्या जुन्या मिस्त्रींना शर्यतीच्या दिवशी पट्टीवर बोलावून तरुण मेकॅनिकांसमोर जुळणी करायला लावावी, एवढं आयोजकांना सहज जमेल.

जुळणी तपासायला द्रुतगती मार्ग किंवा अॅम्बी व्हॅलीचा वळणाचा रस्ता वापरणाऱ्यांबद्दल या सदराला सहानुभूती नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड आणि कैद होऊ शकते. त्या वळणांवर शनिवार-रविवारी लहान मुलं घेऊन कुटुंबं उभी असतात.

राहिला इंधनाचा प्रश्न. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तेव्हा निवडीची अपेक्षा तूर्त बाजूला ठेवू. पण नळीतून येणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के, हे प्रत्येक पंपावर मराठीत ठळक लिहिण्याची मागणी तेल कंपन्यांनी मान्य करायला हरकत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना सरकारनेच २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची वेगळी पाटी देऊन वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्या वारशाच्या टाकीत काय जातं, हे मालकाला कळलं पाहिजे.