शेगडी, मोटार आणि खिशातली कॉईल

रब्बीच्या दिवसांत जाफराबाद तालुक्यात विजेचं गणित कुणाला शिकवावं लागत नाही. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ एकच. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की गावातले दिवे डिम होतात, पंखा सुस्तावतो आणि शेगडीवरचा चहा काही केल्या उकळत नाही. शेतातली मोटार नुसती घुमते. वेळीच बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. मग ती विहिरीतून वर काढायची, गाडीत टाकून जाफराबादला नाही तर देऊळगाव राजाला न्यायची, तांब्याची तार नव्याने भरून घ्यायची आणि तोवर पिकाकडे बघत बसायचं. व्होल्टेज आणि तार यांची जोडी बिघडली की काय होतं, ते इथल्या शेतकऱ्याला वहीवर नव्हे, खिशातून कळलेलं असतं.

तेच गणित आता तरुणांच्या खिशात शिरलं आहे. ई-सिगारेट, म्हणजे बोलीत वेप. मोबाइलवर ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून फिरणाऱ्या माहितीत नेहमी एकच प्रश्न असतो: किती ओहमच्या कॉईलला किती व्होल्ट लावायचे? भारतात या वस्तूच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे. दुकानाचं दार बंद झालं, तरी मोबाइलचं दार उघडंच राहिलं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर इथे पूर्ण देणं बरं. अर्धं उत्तर मुलांना आधीच मिळालेलं आहे आणि धोका त्या अर्ध्यातच आहे.

सुरुवात शेगडीपासून करू. बाजारात मिळणारी साधी कॉईलची शेगडी एक हजार वॉटची असते. घरातला दाब २३० व्होल्ट धरला तर तिच्या तारेचा रोध साधारण ५३ ओहम आणि तिच्यातून वाहणारी धारा सव्वाचार अँपिअरच्या थोडी वर. ही तार निक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमिअमच्या मिश्रधातूची. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शने १९०६ साली तिचं पेटंट मिळवलं आणि लालबुंद होऊनही हवेत जळून न जाणारी तार जगाला मिळाली. तिच्यातून किती धारा जाईल हे सांगणारा नियम त्याहून जुना. कलोन शहरातल्या शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी तो १८२७ च्या ग्रंथात मांडला. महाराष्ट्रातल्या मुलांना तो नववीत ‘धाराविद्युत’ या धड्यात भेटतो आणि तारेतून उष्णता कशी निघते ते दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात.

नियम सोपा आहे, पण त्यात एक खोच आहे. दाब अर्धा झाला तर उष्णता अर्धी होत नाही, चौथाई होते, कारण व्होल्टला व्होल्टनेच गुणावं लागतं आणि मग ओहमने भागावं लागतं. म्हणून २३० चे १७० व्होल्ट झाले की हजार वॉटची शेगडी जेमतेम साडेपाचशे वॉटची उरते. दाब २६० वर चढला तर तीच शेगडी पावणेतेराशे वॉट ओढते. कमी दाबाच्या वीजपुरवठ्यात सहा टक्क्यांहून अधिक वरखाली होऊ नये, असा नियम आहे. म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट. तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत रब्बीच्या रात्री तो किती पाळला जातो, हे तिथला चहाच सांगतो.

आता दुसरी गोष्ट. ती घरोघर घडते, पण तिचा विचार कुणी करत नाही. शेगडीची कॉईल तुटते. घरातलं कुणीतरी जळका तुकडा काढून टाकतं, उरलेली टोकं पीळ देऊन जोडतं आणि शेगडी पुन्हा पेटते. पहिल्यापेक्षा जास्त लाल होते, चहा लवकर होतो, सगळे खूश. झालेलं असतं असं, की तार आखूड झाली, रोध घटला आणि वॉट वाढले. दहावा हिस्सा तार कमी झाली तरी शेगडी अकराशे वॉटची होते आणि सगळा भार आता आखूड तारेवर. पीळ दिलेला सांधा आधी तापतो, आठवड्या-दोन आठवड्यांत तार पुन्हा तुटते. पुन्हा जोड, पुन्हा आखूड. एक दिवस प्लगचं प्लास्टिक वितळल्याचा वास येतो.

वेपची कॉईल ही हीच शेगडी, फक्त नखाएवढी. कापसाच्या वातीभोवती गुंडाळलेली तार, वातीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची द्रव्यं. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती थेट फुप्फुसात जाते. वीज देणारी लिथियम आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते, मधल्या काळात ३.७ च्या आसपास असते आणि रिकामी होत आली की ३.२ पर्यंत उतरते. दीड ओहमची कॉईल भरल्या बॅटरीवर पावणेबारा वॉट खाते, उतरलेल्या बॅटरीवर सातहूनही कमी. नवशिक्याला वाटतं वस्तू बिघडली. बिघडलेलं काहीच नसतं. रब्बीतली डिम शेगडी त्याच्या हातात आलेली असते.

मग तो ‘जास्त धूर’ देणारी कॉईल शोधतो. एक ओहमच्या खालच्या कॉईल त्यासाठीच असतात. अर्ध्या ओहमची कॉईल भरलेल्या बॅटरीला लावली की ३५ वॉट आणि ८.४ अँपिअर. ०.२ ओहमची लावली तर ८८ वॉट आणि २१ अँपिअर. एकवीस अँपिअर म्हणजे शेगडीच्या धारेच्या जवळजवळ पाचपट, आणि ती १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या एका सेलमधून. पॉवर बँकेसाठी किंवा लॅपटॉपसाठी बनवलेला सेल इतकी धारा द्यायला बनवलेलाच नसतो. तो आतून तापतो, त्यातला ज्वलनशील द्रव वायू सोडतो आणि एका टप्प्यानंतर हे तापणं थांबवता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात अशा उपकरणाच्या स्फोटात एका माणसाचा जीव गेला. २०१९ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये एक तरुण गेला.

त्यावर उपाय म्हणून बऱ्याच उपकरणांत छोटं सर्किट बसवलेलं असतं. वॉट ठरवून द्यायचे, बाकी सर्किट सांभाळेल. इथे जाफराबादच्या शेतकऱ्याने कान टवकारावेत, कारण ही गोष्ट शेगडीची नाही, मोटारीची आहे. शेगडीला कमी दाब मिळाला तर ती कमी वीज खाऊन गप्प बसते. मोटारीला गप्प बसता येत नाही. विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. दाब कमी झाला की तेवढंच काम करायला ती जास्त धारा ओढते. पाच एचपीची मोटार नीट दाबावर साधारण साडेसात अँपिअर घेते, दाब पडला की आकडा नऊच्या पुढे जातो आणि तो फरकच वाइंडिंगचं वार्निश जाळतो. सर्किटवालं वेप नेमकं असंच वागतं. ४० वॉट मागितले तर भरल्या बॅटरीतून साडेनऊ अँपिअर जातात आणि उतरत आलेल्या बॅटरीतून साडेबारा. बॅटरी थकत जाते तसा तिच्यावरचा ताण वाढत जातो. ‘नवशिक्यांसाठी’च्या व्हिडिओत हे क्वचितच कुणी सांगतं, आणि इथल्या मोटार भरणाऱ्या कारागिराला ते एका वाक्यात कळेल.

कॉईलवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा, तर तीही सोय नाही. बंदी असलेल्या वस्तूला कुठलं मानक नाही, कुठली तपासणी नाही. घरी मोजू म्हणावं, तर स्वस्त मल्टिमीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. त्या मीटरने शेगडीची ५३ ओहमची कॉईल चांगली मोजता येते, अर्ध्या ओहमची मोजता येत नाही. चोरून विकली जाणारी बरीचशी उपकरणं तर वापरून फेकून द्यायची. त्यांत बॅटरी कोणती, कॉईल किती ओहमची, हे उघडून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही. तिथे जुळवण्याचा प्रश्नच संपतो.

तरीही कुणी म्हणेल, चांगली बॅटरी घेतली, आकडे बरोबर जुळवले, मग काय हरकत आहे? हरकत तिथेच सुरू होते. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र प्रसिद्ध केलं. त्यांनी एका उपकरणाची वाफ दोन दाबांवर तपासली. ३.३ व्होल्टवर फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत. ५ व्होल्टवर सापडली. फॉर्मल्डिहाइड म्हणजे कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला वायू. ग्रीसमधले हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टान्टिनोस फार्सालिनोस यांनी त्यावर आक्षेप घेतला: इतक्या तापमानाला वात कोरडी पडून जळका, घसा ओरबाडणारा स्वाद येतो आणि सरावलेला माणूस झुरका तिथेच सोडतो. आक्षेप रास्त आहे. पण ज्याच्यासाठी हा सगळा प्रश्न आहे त्या नवशिक्याला तो जळका स्वाद ओळखता येईल का? आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाखाली तो दडला तर? दोन्ही बाजू एकच गोष्ट मान्य करतात: विष किती बनणार ते व्होल्टचं बटण ठरवतं. आणि ते बटण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याखाली आहे.

दाब कमी ठेवला तरी निकोटिन उरतंच. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात तापलेल्या कॉईलमधून आलेल्या वाफेत शिसं, निकेल, क्रोमिअम आणि मँगनीज आढळलं. द्रवात काय मिसळलंय हेही कुणी सांगू शकत नाही. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. मृत्यू ६८ होते. त्याला व्होल्टेज कारण नव्हतं. मुख्य संशय चोरट्या बाजारातल्या गांजाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. भारतात तर या वस्तूचा सगळा बाजारच चोरटा आहे.

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात या सगळ्यांवर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदी योग्य आहे. पण बंदी घातली म्हणून बोलणंही बंद करायचं, ही चूक महाराष्ट्राने गुटख्याच्या बाबतीत केली आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २४.४ टक्के प्रौढांचा कोणता ना कोणता धूरविरहित तंबाखू चालू होता, आणि ओढणारे मात्र ३.८ टक्केच होते. चुना-तंबाखूच्या या मुलखात वेप येतं ते ‘तंबाखू सोडायला मदत’ म्हणून. पण ज्याने कधी विडीही ओढली नाही अशा मुलाला ते निकोटिन शिकवतं.

म्हणून मागणी तालुक्यातल्या शाळांकडेच करायची. नववीतला ओहमचा नियम फळ्यावर मांडून थांबू नका. जुनी शेगडी वर्गात आणा, प्लग काढलेल्या अवस्थेत तिचा रोध मुलांना मोजू द्या, तुटलेल्या कॉईलचा तुकडा काढल्यावर आकडा किती उतरला ते वहीत लिहून घ्या. मोटार भरणाऱ्या एखाद्या कारागिराला बोलावून जळलेलं वाइंडिंग दाखवा; काळं पडलेलं तांबं मुलं विसरणार नाहीत. त्यानंतर वेपचं नाव घ्या, त्याचे ओहम आणि अँपिअर मुलांकडूनच काढून घ्या, आणि कुठल्याच आकड्याला ‘सुरक्षित’ का म्हणता येत नाही हे त्याच तासाला सांगा. धडा पुस्तकात आहेच, फक्त त्याला मल्टिमीटरची आणि थोड्या धाडसाची जोड हवी. आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकणाऱ्या मुलांना हे काम देता आलं तर आणखी चांगलं, कारण दहावीतल्या मुलांना शिक्षकापेक्षा आपल्याहून दोन वर्षं मोठ्या मुलाचं लवकर पटतं.

ज्यांना सवय लागलेली आहे, मग ती वेपची असो की चुना-तंबाखूची, त्यांनी कॉईल आणि व्होल्ट जुळवत बसण्याऐवजी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक लावावा. फोन निःशुल्क आहे.