मनोरा नागपुरात, निवड दिल्लीत

रेडिओवरील संगीताच्या इतिहासात खलनायक ठरलेलाच असतो: बा. वि. केसकर. १९५२ मध्ये ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले, चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. (हार्मोनियमवरील बंदीचे खापरही त्यांच्यावर फोडले जाते, ती मात्र १९४० पासूनच, इंग्रजी अमदानीतली.)

ही कथा खरी असली तरी अपुरी आहे. काय वाजू नये, एवढेच ती सांगते. काय वाजावे हे कोणी आणि कोठे बसून ठरवले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, आणि तो नागपुरातून नीट दिसतो.

१८ मे १९८८ रोजी आकाशवाणीचे 'नॅशनल चॅनेल' सुरू झाले. त्याचे १००० किलोवॅटचे प्रक्षेपक नागपूरचे. कारण निव्वळ भौगोलिक होते. दिवसा मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याहून उंचावरील थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो मैल दूर उतरतात. देशाच्या मध्यावरून रात्री सोडलेला आवाज म्हणूनच चारही दिशांना पोचतो. नंदनवनमधल्या घरात १५६६ किलोहर्ट्झवर काटा आणला की जे ऐकू येई, तेच दूरच्या प्रांतांतही. पण कार्यक्रमांची आखणी दिल्लीत होई. मनोरा नागपूरचा, निवड दिल्लीची.

आता पुणे पाहा. तेथील केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. जेमतेम दीड वर्षाच्या त्या केंद्रावर १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते. हे घडले ते केसकरांच्याच कारकिर्दीत! मंत्री तोच आणि धोरणही तेच. फरक इतकाच, की केंद्राकडे स्वतःचा वेळ होता आणि तो भरण्याची मुभा असलेला कल्पक अधिकारीही.

नागपूर केंद्र पुण्याहून पाच वर्षांनी थोरले. १६ जुलै १९४८ रोजी ते सुरू झाले, तेव्हा हे शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. वऱ्हाडी गाणी, झाडीपट्टीची दंडार, खडी गंमत हे सारे त्याच्या अंगणातले. अशा केंद्राचा एक तास सहक्षेपणाला दिला, की तेवढा वेळ या गाण्यांच्या वाट्यातून जातो. एखाद्या बंदीइतका त्याचा गाजावाजा होत नाही; म्हणून इतिहासातही त्याची नोंद क्वचितच सापडते.

नॅशनल चॅनेल बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला. प्रक्षेपकाच्या शक्तीचे आकडे हौशी श्रोते आजही तोंडपाठ सांगतात. त्यांनी नागपूर केंद्राच्या जुन्या ध्वनिफितींचीही तितक्याच अगत्याने चौकशी करावी.